हिमनदी घटली हे मोजतात कसं? छोटा शिग्रीच्या निमित्ताने

कातळवाट (धागाकर्ता)

दर उन्हाळ्यात ग्रुपवर एक जोडचित्र फिरतं. डावीकडे जुना कृष्णधवल फोटो, बर्फाने भरलेली दरी. उजवीकडे तीच दरी, नुसते दगडगोटे. खाली कुणीतरी लिहितं, हिमालय संपला. दोन दिवसांनी दुसरा कुणी कराकोरमची बातमी टाकतो की तिकडच्या हिमनद्या वाढताहेत, म्हणजे हे सगळं थोतांड. मी भूशास्त्र शिकवतो. वर्गातली मुलं दोन्ही फॉरवर्ड घेऊन येतात आणि विचारतात, सर, यातलं खरं काय? त्यांना दर वेळी तोंडी सांगतो ते एकदा नीट लिहून काढावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

बातमीत येतो तो आकडा बहुतेक वेळा हिमनदीच्या तोंडाचा असतो, म्हणजे ज्या खालच्या टोकातून पाणी बाहेर पडतं त्याचा. गोमुख हे गंगोत्री हिमनदीचं तोंड. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले जे. बी. ऑडन यांनी १९३५ मध्ये त्याचा नकाशा केला. तेव्हापासून ते वर्षाला सरासरी वीसेक मीटर मागे सरकत आलं आहे. हे मोजायला सोपं आणि सांगायलाही सोपं. पण तोंड सरकतं ते फार उशिरा. गंगोत्री तीसेक किलोमीटर लांब आहे. वर बर्फ कमी पडला किंवा जास्त वितळला, तर त्याचा परिणाम तोंडापर्यंत पोचायला काही दशकं जातात. शिवाय तोंडाशी दगडमातीचा जाड थर असेल तर खालचा बर्फ झाकून राहतो. तोंड जागच्या जागी दिसतं आणि वर हिमनदी पातळ होत असते. त्यामुळे 'यंदा कमी मागे गेली, म्हणजे सुधारली' असा अर्थ काढता येत नाही.

खरा प्रश्न जमाखर्चाचा आहे. वर्षभरात वर किती बर्फ जमा झाला, किती गेला आणि शेवटी शिल्लक काय राहिली? हे जागेवर जाऊन मोजायचं काम भारतात १९७४ मध्ये हिमाचलातल्या गारा हिमनदीवर सुरू झालं, तेही भूवैज्ञानिक सर्वेक्षणानेच केलं. पण आज ज्या हिमनदीचं नाव सगळीकडे येतं ती छोटा शिग्री. लाहौल-स्पितीत, चंद्रा नदीच्या खोऱ्यात. लांबी साधारण ९ किलोमीटर, क्षेत्रफळ १५.५ चौरस किलोमीटर. तोंड ४०५० मीटरच्या आसपास, माथा सहा हजारांच्या वर. अंगावर दगडमाती अगदी थोडी, म्हणून मोजायला सोयीची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या मोहिमा गेल्या होत्या. २००२ पासून जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि फ्रेंच शास्त्रज्ञांनी मिळून दरवर्षीचा हिशेब ठेवायला सुरुवात केली. हिमालयात इतक्या लांबीच्या सलग नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

तिथलं मुख्य उपकरण म्हणजे बांबूची काठी. वितळणीच्या पट्ट्यात वाफेच्या ड्रिलने भोक पाडतात. गॅसवर चालणारा छोटा बॉयलर, त्याला रबरी नळी, नळीच्या टोकाला धातूची लांब नळी. वाफेने बर्फ वितळत जातो आणि नळी आपल्या वजनाने खाली उतरत राहते, दहा मीटरपर्यंत. मग बांबूचे तुकडे एकाला एक जोडून त्या भोकात सोडतात. काठी आत गोठून पक्की बसते. उन्हाळाभर पृष्ठभाग खाली जातो आणि काठी उघडी पडत जाते. सप्टेंबरअखेरीस, म्हणजे वितळणं थांबून नवा बर्फ पडायच्या आधी, परत जाऊन बाहेर आलेली लांबी टेपने मोजायची. समजा गेल्या वर्षी १ मीटर बाहेर होती आणि आता ४ मीटर आहे, तर त्या जागी ३ मीटर बर्फ गेला. बर्फाची घनता पाण्याच्या साधारण ०.९ पट, म्हणून पाण्याच्या हिशेबात २.७ मीटर.

वरच्या साठवणीच्या पट्ट्यात काठीचा उपयोग नाही, कारण ती गाडली जाईल. तिथे खड्डा खणतात किंवा हाताच्या ड्रिलने गाभा काढतात. पांढऱ्याशुभ्र भिंतीत खाली एक मळकट रेघ लागते. मागच्या उन्हाळ्यात वाऱ्याने आणलेली धूळ. तिच्या वरचं सगळं या वर्षीचं. त्याची जाडी मोजायची, ठरावीक आकाराच्या नळीत बर्फ घेऊन वजन करायचं, घनता काढायची. पाच हजार मीटरच्या वर हे फावडंकाम करायचं म्हणजे काय, ते तिकडे नुसतं चालून आलेल्या माणसालाही कळेल.

मग प्रत्येक उंचीच्या पट्ट्याचं क्षेत्रफळ घेऊन सगळ्याची बेरीज. छोटा शिग्रीचा हिशेब शून्यावर येण्यासाठी जमा आणि खर्च यांची सीमारेषा साधारण ४९५० मीटरवर यावी लागते. बहुतेक वर्षी ती त्याच्या वर असते. २००२ ते २०१४ या काळात सरासरी तूट वर्षाला ०.५६ मीटर पाणी (म्हणजे सगळ्या हिमनदीवर पसरलेला तेवढा थर), अधिक-उणे ०.४० मीटर. हे अधिक-उणे, म्हणजे आकडा किती चुकू शकतो ते, मोठं आहे, आणि शास्त्रज्ञ ते आकड्याबरोबर छापतात. बातमीत नेमकं तेवढंच गळतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मोजणाऱ्याची सगळी मेहनत त्या छोट्या आकड्यात असते.

——

वाटसरू_नाशिक

सर, सुंदर लिहिलंय. एक शंका. हिमनदी वाहते ना? मग काठीपण खाली सरकत असेल. मोजताना जागा बदलली तर तुलना कशी?

——

कातळवाट

काठी सरकतेच, आणि तेही मोजतात. दरवर्षी प्रत्येक काठीची जागा डिफरन्शियल जीपीएसने नोंदवतात, त्यातून हिमनदीचा वेग मिळतो. छोटा शिग्रीवर २००३ ते २०१० मध्ये हा वेग २४ ते ३७ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. जाडी कमी झाली की वजन कमी, आणि वजन कमी झालं की वाहणं मंदावतं. म्हणजे वेग हादेखील जमाखर्चाचा साक्षीदार. जाडी रडारने मोजतात. जमिनीवरून रेडिओलहरी खाली सोडायच्या आणि तळच्या खडकावरून परत यायला किती वेळ लागतो ते पाहायचं. छोटा शिग्रीवर वेगवेगळ्या उंचीवर ती १२४ मीटरपासून २७० मीटरपर्यंत मिळाली.

——

साखळीकडी

मी सर्वेक्षणाच्या धंद्यातला माणूस, रस्ते आणि धरणं. जीपीएसबद्दल थोडं लिहितो, कारण बाहेरच्यांना हे जादूसारखं वाटतं. हिमनदीवर उभं राहून वाचन घेतलं तर चालत नाही. एक यंत्र हिमनदीबाहेर पक्क्या कातळावर ठोकलेल्या खुणेवर ठेवावं लागतं आणि दुसरं हातात घेऊन फिरायचं. दोघांच्या वाचनातल्या समान चुका वजा होतात आणि अचूकता काही सेंटिमीटरवर येते. खूण कातळावरच हवी. हिमनदीच्या कडेचे दगडमातीचे ढीग दिसायला पक्के, पण आत बर्फ असला की तेही बसत जातात.

कातळवाट सर, उपग्रहांचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. आमच्याकडे आता सगळं ड्रोन आणि उपग्रहांवर चालतं. तिकडेही तसंच ना?

——

कातळवाट

साखळीकडी, उपग्रहांसाठी वेगळा प्रतिसाद लिहीत होतोच.

काठ्यांनी फार तर एकेक हिमनदी मोजता येते. भारतीय हिमालयात साडेनऊ हजारांच्या आसपास हिमनद्या आहेत. बाकीच्यांचं काय? तिथे पृष्ठभागाची उंची दोन काळांत मोजून वजाबाकी करतात. उपग्रहाने एकाच जागेचे दोन वेगळ्या कोनांतून फोटो घेतले की उंचीचा नकाशा तयार करता येतो. टेरा उपग्रहावरचं ॲस्टर यंत्र २००० पासून हे करत आलं आहे. त्याच्या फोटोंचा मोठा साठा घेऊन २०२१ मध्ये एका चमूने जगातल्या जवळजवळ सगळ्या हिमनद्यांचा हिशेब मांडला: २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी २६७ अब्ज टन बर्फ कमी झाला.

२००० च्या आधीचं काय, हा पुढचा प्रश्न. तिथे शीतयुद्ध कामाला आलं. अमेरिकेचे हेक्सागॉन हेरगिरी उपग्रह सत्तरच्या दशकात हिमालयावरून फिरत होते. त्यांत खरी फिल्म होती. ती कुपीत बंद करून खाली सोडायचे आणि पॅराशूटने उतरत असताना विमानाने हवेतल्या हवेत पकडायचे. पुढे हे फोटो खुले झाले. २०१९ मध्ये त्यांच्यावरून हिमालयाच्या दोन हजार किलोमीटरच्या पट्ट्यातल्या ६५० हिमनद्या तपासल्या गेल्या. १९७५ ते २००० मध्ये तूट वर्षाला ०.२२ मीटर पाणी, २००० ते २०१६ मध्ये ०.४३. जवळजवळ दुप्पट. मला विचाराल तर हिमालयाबद्दल एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर ही जोडी ठेवावी.

——

साखळीकडी

दोन वेगळ्या कॅमेऱ्यांचे उंचीनकाशे एकमेकांवर बसवायचे म्हणजे मोठी डोकेदुखी. आडवं दहा मीटर सरकलं तरी तीव्र उतारावर उंचीत कितीतरी मीटरचा खोटा फरक दिसेल.

——

कातळवाट

अगदी बरोबर, आणि त्यावरचा उपाय तुमच्याच धंद्यातला आहे. हिमनदीबाहेरचा कातळ तीस-चाळीस वर्षांत वरखाली होत नाही असं धरायचं. तिथे वजाबाकी शून्य यायला हवी. येत नसेल तर नकाशा सरकवत राहायचं. सगळं जुळवल्यावरही कातळावर जो फरक उरतो, त्यावरून हिमनदीवरच्या आकड्याचं अधिक-उणे ठरतं.

आणखी दोन अडचणी आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानाने रडार वापरून उंची मोजली, तो नकाशा सगळेच वापरतात. पण रडारची लहर कोरड्या बर्फात काही मीटर आत शिरते आणि पृष्ठभाग आहे त्याहून खाली दिसतो. ही दुरुस्ती केली नाही तर हिमनदी उगाच वाढल्यासारखी भासते. दुसरी अडचण घनतेची. उपग्रहाला उंची कळते, वजन कळत नाही. दहा मीटर उंची गेली, पण गेलं ते घट्ट निळं बर्फ की वरचं भुसभुशीत? साधारण ८५० किलो प्रति घनमीटर धरतात, अधिक-उणे ६०. हे धरणं योग्य आहे की नाही, ते काठ्या आणि खड्डे असलेल्या हिमनद्यांवरच पडताळता येतं.

——

रोखठोक७२

तुमचे आकडे वाचले. पण कराकोरमचं उत्तर दिलं नाहीत. आणि २०३५ पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या संपणार असं संयुक्त राष्ट्रांच्याच अहवालात होतं, ते खोटं निघालं. मग सामान्य माणसाने विश्वास कशावर ठेवायचा? विरोधासाठी विरोध नाही, मनापासून विचारतोय.

——

कातळवाट

मनापासून विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

२०३५ चा दावा आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २००७ च्या अहवालाच्या एका प्रकरणात होता. त्यामागे मोजमाप नव्हतं. जानेवारी २०१० मध्ये संस्थेने तो चुकीचा असल्याचं मान्य केलं. तो उघडा पाडणाऱ्यांत हिमनद्या मोजणारेच पुढे होते. इतक्या जाडीचा बर्फ तितक्या वर्षांत वितळवायचा तर तूट किती पट व्हायला हवी, हे त्यांना लगेच कळलं, कारण त्यांच्याकडे काठ्यांचे आकडे होते.

कराकोरमचं म्हणाल तर तिथल्या हिमनद्या या शतकाच्या सुरुवातीला खरोखर समतोलात होत्या, काही किंचित वाढतही होत्या. हिमनद्यांचे अभ्यासक केनेथ ह्युइट यांनी २००५ मध्ये हे ठळकपणे मांडलं आणि पुढे उपग्रहांच्या उंचीनकाशांनी दुजोरा दिला. तिथला बर्फ मुख्यतः हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांचा, पावसाळ्याचा नव्हे. त्यातल्या काही हिमनद्या अधूनमधून अचानक वेगाने पुढे सरकतात, तेव्हा तोंड पुढे येतं पण एकूण बर्फ वाढलेला नसतो. अलीकडच्या मोजमापांत तिथेही तूट दिसू लागली आहे. म्हणजे तुमची बातमी त्या काळापुरती आणि त्या प्रदेशापुरती खरी होती. चार-पाचशे किलोमीटर दक्षिणेला लाहौलमध्ये मात्र त्याच वर्षांत तूट चालू होती.

आणि लाहौलमध्येही ती कायम नव्हती. छोटा शिग्रीचा १९८८ चा नकाशा आणि २०१० चं जीपीएस मोजमाप यांची तुलना केल्यावर असं दिसलं की नव्वदच्या दशकात ती जवळजवळ समतोलात होती. तूट मुख्यतः त्यानंतरची. ज्यांना सरळ रेषेत घसरण दाखवायची असते त्यांना हे अडचणीचं वाटेल, पण संशोधकांनी ते लेखाच्या शीर्षकातच छापलं. विश्वास ठेवायला मला हे पुरेसं वाटतं.

——

मीरा_झुरिक

इथे स्वित्झर्लंडमध्ये राहते म्हणून थोडी भर. ऱ्होन हिमनदीवर १८७४ पासून रंगवलेल्या दगडांच्या आडव्या रांगा मांडून दरवर्षी त्या किती आणि कशा वाकल्या ते नोंदवत होते. मधले दगड पुढे गेले, कडेचे मागे राहिले. हिमनदी मध्यभागी जास्त वेगाने वाहते हे डोळ्यांनी दिसावं अशी ती सोय. जगभरच्या नोंदी गोळा करणारी संस्थाही झुरिकमध्येच आहे. स्वीडनच्या स्टोरग्लासिएरेनवर तर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून एकही वर्ष न गाळता जमाखर्च मोजला गेला आहे.

२०२२ मध्ये इथल्या हिमनद्यांनी एका वर्षात सुमारे ६ टक्के बर्फ गमावला आणि पुढच्या वर्षी आणखी ४ टक्के. हिवाळ्यात बर्फ कमी पडला, वसंतात सहारातली धूळ येऊन बसली, वर उन्हाळा कडक. काही छोट्या हिमनद्यांवरची मोजणी बंद करावी लागली, कारण मोजायला पुरेसा बर्फच उरला नाही. वितळणं कमी व्हावं म्हणून ऱ्होनच्या कडेला पांढरी कापडं अंथरलेली पाहिली तेव्हा मला रडू आलं होतं.

——

वास्कोकर

गोव्यातून लिहितोय. आमच्या वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं नाव अंटार्क्टिकामुळे माहीत असतं, पण याच संस्थेने २०१६ मध्ये स्पितीत १३,५०० फुटांवर 'हिमांश' नावाचं संशोधन केंद्र उभारलं. सुत्री ढाका, बातल, समुद्र टापू, गेपांग गथ अशा चंद्रा खोऱ्यातल्या हिमनद्यांवर त्यांचं काम चालतं. स्वयंचलित हवामान केंद्रं, ओढ्यातलं पाणी मोजणारी यंत्रं, रडार, हे सगळं तिथे आहे. समुद्रसपाटीवरची माणसं दर उन्हाळ्यात तिकडे चढून जातात याचा आम्हाला अभिमान आहे.

हवामान केंद्राचा नेमका उपयोग काय हे कुणी सांगेल का? तापमान वाढलं की बर्फ वितळतो, एवढं पुरेसं नाही?

——

कातळवाट

वास्कोकर, उत्तम भर घातलीत. तापमान एवढंच पाहून चालत नाही, आणि कारण आपल्या ओळखीचं आहे: मोसमी पाऊस.

छोटा शिग्रीच्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून असं दिसलं की वितळायला लागणाऱ्या ऊर्जेतला साधारण ८० टक्के वाटा प्रारणांचा (किरणांतून येणाऱ्या ऊर्जेचा), त्यातही मुख्य म्हणजे उन्हाचा. आता उघडं मळकट बर्फ पुष्कळ ऊन शोषतं आणि ताजं हिम बहुतेक ऊन परत फेकतं. जुलै-ऑगस्टमध्ये मोसमी ढग तिथवर पोचले आणि एकदा जोरदार हिम पडलं, तर पुढचे कित्येक दिवस वितळणं जवळजवळ थांबतं. तेच पाणी पावसाच्या रूपात पडलं तर हे पांघरूण मिळत नाही. त्या हिमनदीचं एखादं वर्ष चांगलं की वाईट, हे बरेचदा उन्हाळ्यातल्या अशा एक-दोन हिमवृष्ट्यांवर ठरतं. काठी सांगते किती गेलं. का गेलं, ते हवामान केंद्र सांगतं.

——

वाटसरू_नाशिक

दोन उपग्रह गुरुत्वाकर्षणावरून बर्फाचं वजन करतात असं वाचलं होतं. ते हिमालयात चालतं का?

——

कातळवाट

ग्रेस. २००२ ते २०१७. एकामागे एक, साधारण २२० किलोमीटर अंतर राखून उडणारे दोन उपग्रह. खाली जास्त वस्तुमान आलं की पुढचा आधी ओढला जातो, मग मागचा, आणि मधलं अंतर सूक्ष्म प्रमाणात बदलतं. त्या बदलावरून वजन काढायचं. ग्रीनलंडसाठी हे फार उपयोगी. हिमालयात मात्र एक मोठी अडचण आहे. या उपग्रहांची नजर काही शे किलोमीटरची. पर्वताला लागून पंजाब-हरियाणा आहे आणि तिथे विहिरी-बोअरमधून भूजल प्रचंड उपसलं जातं. उपग्रहाला ते पाणी कमी झालं की बर्फ, हे वेगळं कळत नाही. ते वजा करण्यासाठी गृहीतकं लागतात. २०१२ मध्ये याच पद्धतीने आशियातल्या उंच पर्वतांची तूट वर्षाला ४ अब्ज टन, अधिक-उणे २०, अशी निघाली आणि 'हिमालय वितळतच नाही' असे मथळे आले. अधिक-उणे २० कुणी वाचलंच नाही. नंतर लेसरने उंची मोजणाऱ्या उपग्रहांनी बरीच मोठी तूट दाखवली.

——

अनघा_देशस्थ

अनिल कुलकर्णी यांच्या कामाचा उल्लेख हवा होता. इस्रोच्या अहमदाबाद केंद्रात आणि नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी उपग्रहांवरून हिमालयातल्या हिमनद्यांचा अभ्यास केला. २००७ च्या त्यांच्या लेखात चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्यांचं क्षेत्रफळ १९६२ मधल्या २०७७ चौरस किलोमीटरवरून १६२८ वर आल्याचं होतं.

——

कातळवाट

अनघाताई, योग्य आठवण केलीत. उन्हाळ्याअखेरची हिमरेषा उपग्रहातून पाहून जमाखर्चाचा अंदाज बांधायची पद्धत हिमालयात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. जिथे माणूस पोचू शकत नाही तिथे तिचा फार उपयोग होतो.

क्षेत्रफळाच्या आकड्यांबाबत एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. जुने स्थलदर्शक नकाशे हवाई छायाचित्रांवरून केलेले. ज्या दिवशी फोटो घेतला तेव्हा हंगामी हिम पडलेलं असेल तर आखणाऱ्याला त्याखाली हिमनदीची कड कुठे संपते ते कळणं कठीण. उलट, दगडांनी झाकलेला भाग उपग्रहातून बाजूच्या डोंगरासारखाच दिसतो, म्हणून तो सुटतो.

——

वाटसरू_नाशिक

या दगडांनी झाकलेल्या हिमनद्यांचं काय करतात मग? गोमुखला गेलो होतो तेव्हा तोंडाच्या वर बर्फ दिसतच नव्हतं, सगळं राखाडी.

——

कातळवाट

ते अजून नीट सुटलेलं नाही. दगडमातीचा एक-दोन सेंटिमीटरचा पातळ थर ऊन शोषून बर्फ जास्त वितळवतो. जाड थर बर्फाचं रक्षण करतो. दोन काठ्यांमध्ये पन्नास मीटर अंतर असलं तरी एकीखाली मनगटभर दगड आणि दुसरीखाली पुरुषभर, म्हणजे दोघींचे आकडे पूर्ण वेगळे. त्यात मध्येच बर्फाचे उघडे कडे आणि छोटी तळी, तिथे वितळणं कितीतरी पट जास्त. नेपाळमधल्या लांगटांग खोऱ्यातल्या लिरुंग हिमनदीवर २०१३ मध्ये ड्रोन उडवून हे कडे आणि तळी पहिल्यांदा बारकाईने टिपली गेली. आपल्याकडे छोटा शिग्रीच्या शेजारीच बडा शिग्री आहे, हिमाचलातली सर्वांत मोठी, खालचा भाग दगडांनी भरलेला. तिच्यावर छोटा शिग्रीसारखं काठ्यांचं जाळं सांभाळणं फार अवघड.

त्यामुळे प्रत्यक्ष मोजल्या गेलेल्या हिमनद्या बहुधा लहान, स्वच्छ आणि पायवाटेजवळच्या असतात. त्यांच्या आकड्यांवरून सगळ्या हिमालयाचा अंदाज काढताना हे लक्षात ठेवावंच लागतं.

——

रोखठोक७२

उत्तर पटलं. सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक आणि केदारनाथ, म्हणजे हिमनद्यांजवळची तळी फुटण्याचा विषयही यात घ्याल का?

——

कातळवाट

त्याचं मोजमाप वेगळं आहे: तळ्याची खोली, बांधाच्या आतला बर्फ, वरच्या कड्यांचा उतार. वेगळा धागा काढतो. वास्कोकर, गेपांग गथच्या तळ्याबद्दल तुमच्याकडे काही असेल तर तिथे नक्की लिहा.